टर्बो टाकून द्या की, सर

"सर, सी शिकायचंय. कंपायलर कुठला टाकू? टर्बो टाकून द्या की." बारावीनंतरचे प्रवेश उरकले की जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंतची पोरं-पोरी हे विचारत येतात. हल्ली त्यांचे आईवडीलही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. सी ही प्रोग्राम लिहायची भाषा, आणि त्या भाषेत लिहिलेलं संगणकाला चालवता येईल असं करून देतो तो कंपायलर. टर्बो आणि जीसीसी हे असे दोन कंपायलर. टर्बो नको, जीसीसी टाका. आणि मी टाकून देणार नाही. शेजारी बसेन, टाकायचं तुम्ही.

आधी टर्बोचं बघू, कारण खरा हट्ट तिथंच असतो. बोरलँड कंपनीनं टर्बो सी आणलं १९८७ साली, डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या जमान्यात. तो १६ बिटचा प्रोग्राम आहे आणि आजचं ६४ बिटचं विंडोज तसले प्रोग्राम चालवतच नाही. म्हणून डॉसबॉक्समध्ये जुन्या संगणकाचं सोंग उभं करून त्यात टर्बो चालवायचं, असा हा उद्योग. निळा पडदा दिसला की घरच्यांना वाटतं, पोरगं शिकायला लागलं. पण त्यात इंट, म्हणजे पूर्ण संख्या ठेवायचा कप्पा, दोन बाइटचा असतो, म्हणजे ३२७६७ च्या पुढं गाडी जात नाही. सातचं फॅक्टोरियल, म्हणजे एकपासून सातपर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार, ५०४० नीट येतं. आठचं ४०३२० यायला हवं, तिथं पडद्यावर उणे २५२१६ उमटतं. लूप बरोबर, सूत्र बरोबर, आणि पोरगी तासभर स्वतःचीच चूक शोधत बसते. जीसीसीत इंट चार बाइटचा असतो, त्यामुळं बारापर्यंत निभावतं. तेरापाशी तिथंही घोळ होतो, पण तोवर तो का होतो हे कळायला लागलेलं असतं.

"पण जर्नलमध्ये तर व्हॉइड मेन आणि सीएलआरएससीआर आहे." असेल. सीचं प्रमाण १९८९ साली ठरलं, त्यात मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भाग, इंट परत करतो; व्हॉइड म्हणजे काहीच परत न करणं. सीएलआरएससीआर हे पडदा पुसणारं, टर्बोच्या घरचं फंक्शन, सीचं नव्हे. जीसीसीत ती ओळ काढून टाका, प्रोग्रामचं काही अडत नाही. परीक्षेत सर मागतात तसं लिहा, त्यावरून वाद घालू नका.

कंपायलर म्हणजे काय, हे आपल्या गावात समजावणं सोपं जातं. जकार्ड मागावरच्या चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर रंगवायचे, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचे. मागाला कागदावरचा मोर कळत नाही, त्याला भोकं कळतात. तुमची डॉट सी फाइल म्हणजे तो कागद, डॉट ईएक्सई म्हणजे कार्डं, आणि कंपायलर म्हणजे भोकं पाडणारा. कागदावर मोराचा पिसारा बदलला आणि कार्डं जुनीच लावली, तर चादरीवर जुनाच पिसारा येणार. "सर, मी कोड बदललाय, उत्तर तेच यायलंय" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी पुन्हा कंपाइलच केलेलं नसतं.

दुसरा घोळ व्हीएस कोडचा. तो लिहायचा एडिटर आहे, त्यात कंपायलर नसतो. तो वेगळा टाकावा लागतो. विंडोजवर मी एमसिस२ घ्यायला लावतो, जीसीसीसारखी साधनं विंडोजवर आणून देणारं सॉफ्टवेअर. ते टाकलं की त्याची यूसीआरटी६४ नावाची, आज्ञा टंकायची काळी खिडकी उघडायची आणि पॅकमन या आज्ञेनं जीसीसी उतरवून घ्यायचं. इथवर बहुतेक जण पोचतात. अडतात ते पाथपाशी. आज्ञा दिली की विंडोज ठरलेल्या फोल्डरांतच तो प्रोग्राम शोधतं, त्या फोल्डरांची यादी म्हणजे पाथ. सी ड्राइव्हमधल्या एमसिस६४, त्यातल्या यूसीआरटी६४, त्यातल्या बिन फोल्डरचा पत्ता त्या यादीत घालायचा. मग आधीपासून उघडी असलेली विंडोजची स्वतःची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) बंद करून नवी उघडायची. जुनीला नवी यादी माहीत नसते. व्हीएस कोडही पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. जीसीसी, एक जागा, दोन डॅश आणि व्हर्जन, एवढं टंकून आकडा आला की झालं. "नॉट रेकग्नाइज्ड" आलं तर पाथ तपासा. बहुतेक वेळा बिन फोल्डरच राहिलेला असतो. पुन्हा सगळं उडवून नव्यानं टाकत बसू नका.

मग पहिला प्रोग्राम. तो नोटपॅडमध्ये लिहिला तर बऱ्याचदा डॉट सीच्या मागं गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटलेलं असतं, म्हणून विंडोजला फाइलींची पूर्ण नावं दाखवायला सांगा. फोल्डरचं नाव साधं ठेवा, मधे जागा नको, देवनागरीही नको (मला देवनागरीचं प्रेम आहे, तरी सांगतोय). आणि "अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन" असं भीतीदायक काही आलं तर घाबरू नका. मेनचं स्पेलिंग बघा. ते बरोबर असेल तर फाइल सेव्ह करायची राहिलीय. कंपायलरला रिकामी फाइल मिळाली, त्यात मेन कुठून सापडणार?

मीच टाकून दिलं तर या जागा तुम्हाला कधी दिसणारच नाहीत, आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री मला फोन येईल. म्हणून पहिला महिना रनचं बटण दाबायचं नाही, आज्ञा हातानं टंकायची, आणि तिच्यात डॅश डब्ल्यू-ऑल घालायचंच. त्यानं जीसीसी इशारेही देतं. इशारा आला तरी प्रोग्राम चालतो, म्हणून सगळे तो सोडून देतात. मी सोडू देत नाही.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे अॅप घेऊन त्यात क्लँग हा कंपायलर टाकता येतो. बोटं दुखतील, पण सी तोच. आणि पालकांनो, निव्वळ सीसाठी नवा महाग लॅपटॉप घेऊ नका. थोरल्या भावाचा जुना, विंडोजनं दमलेला लॅपटॉप असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली टाका, हलक्यातली. ते उबुंटू या लिनक्सच्या घरातलं असेल तर बिल्ड-इसेन्शियल हे एकच पॅकेज मागवा, जीसीसी त्यातच येतं आणि पाथचं काही बघावंही लागत नाही.