रिपोर्ट नॉर्मल, मग पोट काहून दुखते?

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणता, मग पोट काहून दुखते जी?" शाळेत स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नात मी वाढून घ्यायला कचरते तेव्हा नातेवाईक विचारतात. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या आत्याने तर उत्तरही ठरवून टाकलंय: झणझणीत सावजी रस्सा भोवला. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नाहून आले आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस सलाईन. आठवड्याभरात जंतुसंसर्ग गेला, पोट मात्र पहिल्यासारखं झालंच नाही. सकाळी मुरडा यायचा, संडासला जाऊन आलं की थांबायचा, आणि पहिल्या तासाला फळ्यापाशी उभी असताना पुन्हा यायचा. रक्त तपासलं, स्टूल तपासलं, शेवटी कोलोनोस्कोपीही (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली. जखम नाही, सूज नाही, गाठ नाही. निदान झालं आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं हळवं होण्याचा आजार. "टेन्शन घेऊ नका" हे त्याआधी इतक्या वेळा ऐकलं होतं की दुखणं मनाचंच असावं असं मलाही वाटू लागलं होतं.

मला धीर आला तो कॅनडातल्या वॉकर्टन गावाची हकिकत वाचून. मे २००० मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू मिसळले. ७ माणसं दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. संशोधकांनी गावकऱ्यांची तब्येत पुढे कित्येक वर्षं तपासत ठेवली. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर, ज्यांना तेव्हा जुलाब झाल्याचं लक्षणांवरून किंवा दवाखान्याच्या नोंदीवरून नक्की दिसत होतं त्यांच्यात १०० पैकी ३६ जणांना आयबीएस होतं. ज्यांना झाले नव्हते त्यांच्यात १० जणांना. आधीपासून चिंता किंवा नैराश्य असलेल्यांना धोका जास्त होता, हेही दिसलं. पण ठिणगी पडली ती जंतूंमुळे.

आपल्या आतड्यात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. अशा जुलाबात त्यांची घडी विसकटते, अँटिबायोटिकने आणखी विसकटते. काहींच्या आतड्याच्या अस्तराखाली प्रतिकारपेशी त्यानंतरही जाग्या राहतात आणि शेजारच्या मज्जातंतूंना चाळवत राहतात. आपल्याला न पचलेलं अन्न हे जिवाणू आंबवतात, त्यातून वायू होतो. तो सगळ्यांनाच होतो! एमआरआय करून पाहिलं तेव्हा आयबीएसवाल्यांच्या आतड्यात वायू इतरांएवढाच निघाला, कळा मात्र त्यांनाच जास्त आल्या. कोलोनोस्कोपीत अस्तर दिसतं, मज्जातंतू किती हळवे झालेत ते दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल, आणि म्हणूनच दुखणं खरं. (आयबीएसमध्ये ज्यांना जुलाबाऐवजी बद्धकोष्ठ होतं त्यांच्यात मिथेन करणारे सूक्ष्मजीव जास्त सापडतात, तो वायू आतड्याची चालच मंद करतो.)

आत्याचं अगदीच चूक नाही. तिखट त्याच हळव्या तंतूंना झोंबतं. पण मला मिरचीपेक्षा कांदा-लसूण जास्त छळतात, कारण त्यांतलं फ्रुक्टन नावाचं कर्बोदक आपल्याला पचत नाही, ते थेट जिवाणूंच्या ताटात जातं. पातोडीच्या रश्शात तर बेसन, कांदा, लसूण तिन्ही एकत्र. तो सोडताना मला फार जड गेलं.

ताक मी पिते, आवडतं म्हणून. त्याने आयबीएस जातं असं कोणाला सांगणार नाही. रिफॅक्सिमिन नावाचं, आतड्यातच काम करणारं अँटिबायोटिक आहे; बद्धकोष्ठ नसलेल्या आयबीएसवर त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०११ मध्ये छापून आले. १०० पैकी ४१ जणांना आराम पडला, औषध नसलेल्या गोळीवर ३२ जणांना. जिवाणूंचा हात आहे हे त्यातून कळतं, आणि सगळा दोष त्यांचा नाही हेही.

एक मात्र कळकळीने सांगते. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, ताप येत असेल किंवा पन्नाशीनंतर हे पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर आयबीएस समजून घरी बसू नका.

वॉकर्टनमध्ये आठ वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा, तपासलेल्या सगळ्यांत मिळून आयबीएसचं प्रमाण १०० पैकी २८ वरून १५ वर आलं होतं. मला यंदा सहा वर्षं झाली. अमरावतीला मी अजून एसटीने जात नाही, रेल्वेनेच जाते, डब्यात संडास असतो म्हणून. पण पूर्वी रोज येणारा मुरडा आता आठवड्यातून एखाद्या दिवशीच येतो.