अकरा दिवस, एक शब्द

गुरुवार, सकाळचे साडेसहा. लक्ष्मीनगर.

आज तो शब्द सुटला. ‘ताण’. दोनच अक्षरं, पण अकरा दिवस अडून बसली होती.

आजीच्या ट्रंकेत पणजोबांची पत्रं निघाली, सगळी जुन्या मोडी लिपीत. घरात मोडी वाचणारं कुणी उरलेलं नाही. सध्या हातात आहे ते शके १८५६ च्या चैत्रातलं, म्हणजे १९३४ चं. काटोलच्या बगीच्यातून नागपूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला लिहिलेलं.

मोडी शिकायला बसून दीड वर्ष झालं. मुळाक्षरं पंधरा दिवसांत आली, मला वाटलं जमलं. पण तक्त्यातली मोडी वेगळी आणि माणसाच्या हातची वेगळी. लिहिणारा आधी आडव्या रेघा ओढून घेतो, मग हात फारसा न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जातो. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. इकार बहुधा दीर्घच, उकार ऱ्हस्वच. ‘र’ जोडाक्षरात शिरला की ओळखू येत नाही. शब्द कुठे संपला हे कळायला अर्थ लागावा लागतो, आणि अर्थ लागायला शब्द कळावा लागतो.

दोनदा सोडून दिलं. मागच्या उन्हाळ्यात तर वही माळ्यावरच टाकली. दिवाळीच्या आवराआवरीत ती परत हाती आली, तेव्हा रविवारची चार तासांची बैठक बंद केली. आता रोज पहाटे चाळीस मिनिटं, मोबाइल स्वयंपाकघरात, आणि एकच ओळ. नाही लागली तर उद्या तीच. हा नियम फार जड गेला, कारण खालची ओळ नेहमी सोपी दिसते. पण पुढे पळालं की मी अंदाजाने वाचते, आणि अंदाज एकदा डोळ्यांत बसला की समोरचं अक्षर दिसतच नाही. असं एक अख्खं पान मी चुकीचं उतरवलं होतं. ते फाडताना रडू आलं.

या शब्दापाशी तर काहीच चालेना. कधी गावाचं नाव वाटायचं, कधी माणसाचं. शेवटी वाचणं थांबवून नुसतं गिरवत बसले. त्यांचा हात जिथून वळला तिथून माझा वळवायचा, रोज पानभर. त्या दिवसांत काही मिळत नव्हतं, तरी उठून बसत होते. मला स्वतःबद्दल समाधान वाटतं ते याचंच.

काल रात्री काटोलहून आत्याचा फोन आला. मे महिन्यातच पाऊस झाला म्हणून ती हळहळत होती. “मृगाचा बहार कसा येईल? झाडाले ताणच नाही बसला यंदा.” मृगाच्या पावसावर झाड फुलावं म्हणून आधी संत्र्याचं पाणी तोडून ते सुकवतात, त्याला ताण देणं म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला शब्द. पहाटे पत्र उघडलं आणि रोज गिरवलेलं ते वळण सरळ वाचता आलं: “बगीच्यास ताण दिला आहे.”

लगेच आत्याला फोन लावून ओळ वाचून दाखवली. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “कोणत्या विहिरीवरचा बगीचा, ते लिहिलं का?”

पुढचा शब्द ‘खा’ने सुरू होतो. तो उद्या.