कार्ट उघडताना अडकणारे ते 5 सेकंद: माझा अनुभव

होस्टिंगच्या सपोर्टवरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. माझं ऑनलाइन दुकान वर्डप्रेसवर, वूकॉमर्स या दुकानाच्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या जास्तीच्या प्रोग्राममध्ये) चालतं. मुखपृष्ठ झटकन उघडायचं, वस्तूंची पानंही. कार्ट आणि चेकआउटवर मात्र गोल चक्र फिरत राहायचं आणि ऐन पैसे भरायच्या वेळी ग्राहक निघून जायचे. प्रत्येक तक्रारीवर उत्तर ठरलेलं: कॅशिंग प्लगइन टाका, म्हणजे एकदा बनवलेलं पान साठवून तेच सगळ्यांना दाखवणारं.

कॅशिंग होतंच. पण कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं कॅशमधून वगळावीच लागतात, नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसायची. म्हणजे ही पानं सर्व्हरला दर वेळी नव्याने बनवावी लागतात आणि दुखणं नेमकं तिथेच असतं. हे कितीदा सांगितलं तरी पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. वर, ‘मॅडम, आमच्याकडे तर फास्ट चालतंय,’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवायचा.

तो स्क्रीनशॉट खरा होता, आणि हेच समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तीच कार्ट पुन्हा लोड केली की माझ्याकडेही पटकन उघडायची. नग एकाचे दोन केले की पुन्हा अडकायची. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं तर सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यातच सगळा वेळ जात होता, आणि तो दर वेळी 5 सेकंदांच्या जरासा वर. कधी 3 नाही, कधी 8 नाही. डेटाबेस दमला असता तर आकडा खालीवर झाला असता. इतका नेमका आकडा म्हणजे कोणीतरी कोणाची तरी वाट पाहून शेवटी नाद सोडतंय.

पान बनवताना वेळ कुठे जातो ते दाखवणारं क्वेरी मॉनिटर हे फुकट प्लगइन टाकलं आणि त्यातलं एचटीटीपी कॉल्सचं, म्हणजे साइटने बाहेर केलेल्या विचारणांचं, पान उघडलं. शिपिंगचे दर आणणारं एक प्लगइन बाहेरच्या सर्व्हरला विचारणा करत होतं आणि तिकडून उत्तरच येत नव्हतं. वर्डप्रेस अशा विचारणेसाठी मुळात 5 सेकंद थांबतं. कार्ट तीच आणि पत्ता तोच असेल तर वूकॉमर्स आधीचा हिशोब सेशनमधून (त्या ग्राहकापुरत्या साठवलेल्या माहितीतून) उचलतं, त्यामुळे नुसतं रिलोड करणाऱ्याला काहीच जाणवत नाही. चेकआउटवर हाल जास्त, कारण पत्त्यातला पिनकोड बदलला की दर पुन्हा मागवले जातात. त्यात तेवढा वेळ एक पीएचपी वर्कर, म्हणजे सर्व्हरवर पानं बनवणाऱ्या मोजक्या प्रक्रियांपैकी एक, अडकून पडतो. चार-पाच ग्राहक एकदम आले की बाकीचे रांगेत. सपोर्टने याच रांगेवर मोठा प्लॅन घ्यायला सुचवलं होतं! तो घेतला नाही याचं मला आजही समाधान आहे.

ते शिपिंगचं प्लगइन काढलं, शिपिंग झोन (भागांनुसार गट) केले, वस्तूंचे वजनाप्रमाणे शिपिंग क्लास पाडले आणि त्यांचे ठरावीक दर वूकॉमर्समध्येच भरले. पत्ता दिल्याशिवाय शिपिंग खर्च दाखवू नये, ही सेटिंगही चालू केली. कार्ट लगेच उघडू लागली. तुम्हाला बाहेरचे दर हवेच असतील तर थांबायची मर्यादा कमी करून घ्या आणि उत्तर आलं नाही तर लावायचा एक ठरावीक दर तयार ठेवा.

बाकीची कामं भराभर झाली. रेडिस ऑब्जेक्ट कॅश लावला; तो पूर्ण पान नाही, तर डेटाबेसमधून आणलेली माहिती मेमरीत साठवतो. त्याचा फायदा कॅश न होणाऱ्या पानांनाही मिळतो. वर्डप्रेस 6.6 पासून साइट हेल्थ या तपासणीच्या पानावर ऑटोलोड होणारा (म्हणजे प्रत्येक पानासाठी आपोआप उचलला जाणारा) डेटा 800 केबीच्या वर गेल्याची सूचना येते, ती बघा; काढून टाकलेल्या प्लगइनांचा कचरा तिथे साचतो. वूकॉमर्स 7.8 च्या आधीची आवृत्ती असेल तर कार्ट फ्रॅगमेंट्सची (छोटी कार्ट ताजी ठेवणारी) विनंती पानापानावर जाते, तेव्हा अपडेट करा. जुन्या दुकानात ऑर्डर साठवायची नवी पद्धत, एचपीओएस, स्वतः चालू करावी लागते. त्याआधी प्लगइनं तिला चालतात का ते तपासा.

हे सगळं आधी स्टेजिंग कॉपीवर, म्हणजे साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर, करा. आणि सपोर्टला लिहिताना ‘साइट स्लो आहे’ असं लिहू नका. ‘कार्टमध्ये नग बदला आणि मग वेळ मोजा’ असं लिहा, म्हणजे तोच स्क्रीनशॉट परत येणार नाही. शिपिंग डीबग मोड चाचणीसाठी लावलात तर नंतर आठवणीने बंद करा. तो चालू असेपर्यंत साठवलेले दर वापरलेच जात नाहीत.