साडेपाच एकर, सव्वीस गुंठे, साडेचार गुंठे

अमेरिकेतल्या युटा राज्यातला फॅक्टरी ब्यूट हा डोंगर पहिल्यांदा दिसला तेव्हा बाबा "आयला!" म्हणाले. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. डोंगराचं त्यांना कधी कौतुक नव्हतं, डोंगर म्हणजे त्यांच्या लेखी पोटखराबा, लागवडीला निरुपयोगी जमीन. त्यांच्या तोंडून "आयला" निघाल्यावर मी गाडी बाजूलाच घेतली.

त्याआधीचे चार दिवस एका ओळीत सांगते: झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ ही राष्ट्रीय उद्यानं झाली, तिन्ही सुंदर आहेत, पार्किंग कुठेच नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत 2014 पासून ड्रोन उडवायला बंदी आहे, त्यामुळे माझा नवाकोरा तीन लेन्सचा ड्रोन (24, 70 आणि 166 मिलिमीटर फोकल लेंथच्या) चार दिवस डिकीत थालीपिठांच्या डब्याखाली पडून होता. तो घेताना नवऱ्याशी दोन महिने वाद झाला होता. जुना ड्रोन चालत असताना नवा कशाला, हा त्याचा मुद्दा आणि "त्याला एकच फोकल लेंथ आहे" हे माझं उत्तर. हे उत्तर मलाही तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. आई आमच्या मुलांपाशी थांबली, नवरा ऑफिसला, आणि मी बाबांना घेऊन निघाले.

हायवे 24 वर कॅपिटल रीफ मागे पडलं की हिरवळ संपते आणि राखाडी सुरू होते. हा मॅन्कोस शेल. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा हा गाळ. म्हणजे आपला सह्याद्री याच्यापुढे धाकटा, त्याचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. या राखाडी मैदानात वाळूदगडाची टोपी घालून फॅक्टरी ब्यूट एकटाच उभा आहे. समुद्रसपाटीपासून 1,900 मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच, आणि आजूबाजूला त्याच्याशी बरोबरी करणारं काही नाही. कारखान्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. बाबांना तो साखर कारखान्यासारखा दिसला, मला कुठल्याच.

ही जमीन राष्ट्रीय उद्यानात येत नाही, ड्रोन चालतो. कच्च्या रस्त्याने आत जाऊन डोंगरापासून दीडेक किलोमीटरवर थांबलो. उन्हं कलली होती, उतारावरच्या घळ्यांत सावल्या भरायला लागल्या होत्या. ड्रोन वर चढवला, 24 मिलिमीटरची लेन्स लावली आणि स्क्रीनकडे पाहिलं.

ढेकूळ. आभाळ मैलभर, माती मैलभर आणि मधे एक ढेकूळ.

बाबांनी हातातली स्क्रीन पाहिली, मग डोंगर पाहिला, मग परत स्क्रीन. "बिघडलंय का गं?"

बिघडलेलं काही नव्हतं. 24 च्या चौकटीत वरपासून खालपर्यंत साधारण 57 अंश मावतात आणि एवढ्या अंतरावरून तो अख्खा डोंगर भरतो जेमतेम चौदा अंश. डोळा मात्र लबाड असतो. त्याला जे आवडतं तेवढंच तो बघतो, बाकीचं सोडून देतो. लेन्सला आवडनिवड नसते. बाबांना मी खिडकीचं उदाहरण दिलं. खिडकीला नाक लावून उभं राहिलं की अख्खं अंगण दिसतं, खोलीत मागे सरकलं की त्याच चौकटीत फक्त चिंच उरते. नाक लावणं म्हणजे 24, दोन पावलं मागं म्हणजे 70, पार भिंतीला टेकलं की 166.

"मग मागं सरक की," बाबा म्हणाले.

70 लावली. तोच ड्रोन, तीच जागा, तीच उंची. चौकटीचा दोन तृतीयांश भाग डोंगराने भरला, घळ्यांच्या कडा एकेक दिसायला लागल्या, आणि रस्त्यावरून आम्हाला जे दिसलं होतं ते एकदाचं स्क्रीनवर आलं. बाबा यावेळी काही बोलले नाहीत, नुसतं हुं केलं.

ड्रोन उडवणाऱ्यांत एक समज पक्का असतो, माझाही होता: उडता येतं ना, मग जवळ जा, झूम कशाला? मी गेले जवळ, 24 लावून. पायथ्याच्या मातीच्या कडा राक्षसासारख्या पुढे आल्या आणि डोंगर मागे लपला. जवळ गेल्याने चित्र मोठं होत नाही, वेगळं होतं. कुठली वस्तू कुठल्या वस्तूपुढे किती मोठी दिसणार हे अंतर ठरवतं, लेन्स त्यातला तुकडा कापून देते. शिवाय ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो आणि बॅटरी मिनिटांच्या हिशोबात संपते. त्यामुळे "जवळ जा" हा सल्ला कागदावरच बरा.

उरलेल्या बॅटरीत मी ड्रोन आमच्याच डोक्यावर 120 मीटर नेला आणि कॅमेरा सरळ खाली वळवला. 24 च्या चौकटीत मातीच्या शिरा, सुकलेल्या ओघळींची झाडं, एका कोपऱ्यात आमची भाड्याची गाडी. बाबा एकदम सरसावून बसले. "हा तर मोजणीचा नकाशा!"

रात्री हँक्सव्हिलच्या मोटेलात मी तूप-मेतकूट भात केला (इथे दुसरं शाकाहारी काही मागायचं तर बर्गरमधलं मांस काढून टाका एवढंच म्हणता येतं). गावात एक पेट्रोल पंप आहे, त्याचं दुकान खडक फोडून डोंगराच्या पोटात केलेलं आहे. बाबांच्या मते "वेरूळच्या लेण्यातलं वाण्याचं दुकान". त्या दुकानाची पावती उलटी करून बाबा हिशोबाला बसले होते.

"चोवीस म्हणजे काय चोवीस?"

मी सांगितलं की हा आकडा जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या मापात सांगतात, खरं भिंग बरंच लहान असतं. हिशोबापुरती चौकट 35 मिलिमीटर रुंद आणि 26 उंच धरा. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. समरूप त्रिकोण. 24 ला 35, तर 120 मीटरला किती? 175 मीटर. दुसरी बाजू 130.

"साडेपाच एकर," बाबा म्हणाले.

70 ला 60 मीटर गुणिले साडेचव्वेचाळीस. "सव्वीस गुंठे." 166 ला 25 मीटर गुणिले एकोणीस. "साडेचार गुंठे आणि वर थोडं."

मी फोकल लेंथवर किती लेख वाचले, किती व्हिडिओ पाहिले, काही डोक्यात बसलं नव्हतं. 33 फुटी साखळीने उभं आयुष्य मोजलेल्या माणसाने पावतीच्या मागे तीन ओळींत बसवलं. आता मी ड्रोन वर नेला की मनात आधी विचारते, किती गुंठे हवेत? साडेपाच एकरात एक रस्ता, एक गाडी, ओघळींचं अख्खं झाड मावतं. सव्वीस गुंठ्यांत एकच ओघळ. साडेचार गुंठ्यांत नुसता पोत. हत्तीची कातडी म्हणून दाखवला तरी खपेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. ऑक्टोबरची थंडी, बाबा माकडटोपी आणि माझ्या नवऱ्याच्या जाकिटात. मूनस्केप ओव्हरलुक म्हणून एक कडा आहे, तिथवर कच्चा रस्ता जातो. कड्याच्या टोकाशी जमीन एकदम संपते आणि खाली काही शे फुटांवर निळसर राखाडी मातीच्या निऱ्याच निऱ्या पसरतात, नऊवारी झटकून वाळत घातल्यासारख्या. उजाडायचं होतं. बाबा कड्यापासून दहा पावलं मागे खुर्ची टाकून बसले आणि हळूच म्हणाले, "इतकं शांत आहे गं, की माझ्याच कानातला आवाज ऐकू येतोय."

आणि मी ड्रोन सुरू केला.

मला ते अजून खुपतं. उजवीकडे आणखी तीन जण ड्रोन घेऊन होते, त्यामुळे मी थांबले असते तरी शांतता टिकली नसतीच, असं मी स्वतःला सांगते. पण पहिला सुरू झाला तो माझा. मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा तो आवाज. पलीकडे एक बाई चहाचा मग हातात धरून बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची उलट दिशेला वळवली. मी हात उंचावून माफी मागितल्यासारखं केलं आणि ड्रोन उडवत राहिले.

कड्यावर एक अडचण असते जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. नियम 400 फुटांचा, म्हणजे 120 मीटरचा, पण तो ड्रोनखालच्या जमिनीपासून मोजायचा. स्क्रीनवर दिसते ती उंची मात्र तुम्ही जिथून उडवलात तिथपासूनची. मी कड्यावरून पन्नास फूट वर जाऊन टोकापलीकडे गेले, की स्क्रीन पन्नासच दाखवणार आणि खालची जमीन केव्हाच 400 फुटांपलीकडे गेलेली असणार. खाली उतरवला तर स्क्रीनवर उंची उणे दिसते (बाबांना या उणे उंचीचं फार हसू आलं), कड्याआड सिग्नल तुटायची भीती आणि ड्रोन दिसेनासा होतो ते वेगळंच. उडता येत असूनही पुढे जायला जागा नाही.

म्हणून 166. ड्रोन आपल्याच जमिनीवर, कड्याच्या अलीकडे, आणि लेन्स दूरच्या निऱ्यांवर. 24 ने तिथून नुसतं "खूप मोठं काहीतरी" दिसत होतं. 166 ने एका घडीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, सगळ्या एकमेकींना चिकटून आल्या. सूर्य वर आला तेव्हा फक्त त्यांच्या कडा केशरी झाल्या आणि पोटं निळी राहिली. हे दहा-पंधरा मिनिटं टिकलं. डाव्या अंगाला मोटरसायकलींच्या चाकोऱ्या होत्या, अरुंद चौकटीत त्यांना बाहेर ठेवता आलं. दोन्ही दिवसांत तेवढी एकच गोष्ट मी ठरवून, कळून-सवरून केली.

166 चं कौतुक करताना हेही सांगायला हवं की तिचा सेन्सर नखाएवढा आहे. पहाटेच्या उजेडात फोटोत रवा पडल्यासारखे दाणे येतात, वारा आला की चौकट थरथरते, दूरच्या हवेतली धूळ सगळी फोटोत उतरते. चाळीस काढले, सहा स्वच्छ निघाले. 70 त्यामानाने शहाणी लेन्स. सेन्सर मोठा, आणि 24 चं दृश्य हवंच असेल तर 70 चे नऊ-बारा तुकडे काढून घरी जोडता येतात. मला एकच लेन्स ठेवायला सांगितली तर मी आता 70 ठेवेन. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही, कारण मग तीन लेन्सचे पैसे का घातले, हा प्रश्न येईल.

बॅटरी संपल्यावर बाबांशेजारी येऊन बसले. बाकीच्यांचेही ड्रोन उतरले होते. बाबा म्हणाले, "आता ऐक." पण मला माझ्या कानातला आवाज काही ऐकू आला नाही, ड्रोनचाच घुमत होता.

दुपारी पाऊस आला, चार थेंब म्हणावेत एवढाच. गाडीतून उतरलेले बाबा बुटांना शेर-शेर चिखल घेऊन परत आले आणि कमालीचे खूश होते. "आपली काळी माती! तीच चिकणमाती, बघ कशी फुगते." तो शेल ओला झाला की तिथले कच्चे रस्ते बंदच समजायचे. आम्ही एक दिवस आधीच निघालो. मंगळावर राहायची तालीम करणारं केंद्र तिथून जवळच आहे, ते बाहेरूनही बघायचं राहिलं.

घरी आल्यावर मी त्या केशरी निऱ्यांचा फोटो मोठा छापून घेतला. बाबांनी छान आहे म्हटलं आणि त्यांना हवा होता तो मागून घेतला: पहिल्या संध्याकाळचा, 24 चा, सरळ खाली बघणारा, साडेपाच एकरवाला. बारा इंच रुंद छापला. मी कामावरून आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर फूटपट्टी घेऊन ते त्यातली गाडी मोजत होते. गाडीची खरी लांबी त्यांनी नेटवरून काढली होती, 4.6 मीटर. फोटोत आठ मिलिमीटर. पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलं, "एकास पाचशे पंचाहत्तर". मग उत्तरेचा बाण काढायला घेतला आणि थबकले.

"उत्तर कुठंय यात?"

मी सांगितलं की ओघळीचं झाड उभं दिसावं म्हणून मी ड्रोन थोडा फिरवला होता, उत्तर बहुतेक उजव्या कोपऱ्याकडे असेल.

"बहुतेक?" बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, उत्तर वर ठेवायची असते."