गोंदलेली कातडी आणि वैशाखातला घाम

गेल्या वैशाखात भाचा भुसावळहून आमच्याकडे जळगावला राहायला आला होता, तेव्हा आम्ही दोघे रोज पहाटे मेहरूण तलावाकाठी धावायला जात असू. एके दिवशी धावून झाल्यावर कट्ट्यावर बसलो असताना त्याने डावा हात पुढे केला आणि म्हणाला, "मामा, हे बघा ना." कोपरापासून मनगटापर्यंत गडद शाईचा टॅटू होता. भोवतालच्या कातडीवर घामाचे टपोरे थेंब जमले होते, टॅटूवर मात्र नुसती बारीक ओल होती. उजवा हात सगळीकडे सारखाच निथळत होता.

मला काळजी वाटली, आणि तिला कारण आहे. खानदेशात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा भोवतालची हवा शरीरापेक्षा तापलेली असते, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायला घाम वाळण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. म्हणून या विषयावर जे मिळाले ते वाचून काढले.

टॅटूची सुई वरच्या थराखालच्या त्वचेत, साधारण एक-दोन मिलिमीटर खोल, शाई सोडते. घामाच्या ग्रंथींची वेटोळी त्याहून खाली असली, तरी त्यांच्या नळ्या याच थरातून वर येतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या अल्मा कॉलेजमध्ये २०१७ साली दहा पुरुषांच्या टॅटूवर आणि शरीराच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच साध्या त्वचेवर औषधाने घाम आणून मोजला, तेव्हा टॅटूवरचा घाम जवळपास निम्माच भरला आणि त्यात सोडियम मात्र जास्त निघाले. एरवी घाम नळीतून वर येताना त्यातले बरेचसे मीठ शरीर परत शोषून घेते आणि घाम सावकाश आला की हे शोषण अधिक होते. इथे घाम कमी असूनही मीठ वाढलेले होते, म्हणजे नळीच्या कामातच अडथळा आला असावा, असा तर्क निघतो. पुढे २०२० साली गरम पाणी खेळवलेला पोशाख घालून अंग तापवल्यावरही टॅटूवर घाम कमीच आला.

मात्र ऑस्ट्रेलियात २०१९ साली बावीस जणांना प्रत्यक्ष सायकल चालवायला लावून घाम मोजला, तेव्हा घामात किंवा सोडियममध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मला ही चाचणी फार महत्त्वाची वाटते, कारण आपण मैदानावर औषधाने नव्हे, कष्टाने घामाघूम होतो. तरीही ती सुमारे २५ अंशांच्या खोलीत, वीस मिनिटांच्या व्यायामावर झाली होती. आपल्याकडच्या उन्हाळ्याची बरोबरी त्या खोलीशी कशी करायची?

माझ्या मते खरा प्रश्न क्षेत्रफळाचा आहे. भाजलेल्या रुग्णाची जखम मोजताना डॉक्टर एक अख्खा हात शरीराच्या ९ टक्के आणि पूर्ण पाठ १८ टक्के धरतात. टॅटूवर घाम निम्मा होतो असे मानले आणि घाम अंगभर सारखा येतो असे ढोबळपणे धरले, तरी एका हातामागे तूट साडेचार टक्क्यांची, आणि तेवढी भर उरलेले अंग घालू शकते. माझ्या आजीच्या कपाळावर आणि मनगटावर गोंदलेले ठिपके होते. "सोनं आठेच राहस, गोंदेल संगे जास," म्हणजे सोने इथेच राहते, गोंदलेले सोबत जाते, असे ती म्हणायची. तेवढ्या ठिपक्यांनी घामाच्या हिशेबात काहीच फरक पडत नाही. दोन्ही हात आणि पाठ मिळून मात्र ३६ टक्के होतात, आणि पाठ ही तर व्यायामात सर्वाधिक घामाघूम होणाऱ्या भागांपैकी एक.

भाच्याला आता पाठभर टॅटू काढायचा आहे आणि तो कबड्डी खेळतो. मी त्याला अडवले नाही. पाठ मोकळी ठेवता आली तर बरे, एवढे मात्र कळकळीने सांगितले. काढायचाच असेल तर दिवाळीनंतर काढ, कारण ओल्या टॅटूवर घाम आणि घासणारा बनियन दोन्ही वाईट, आणि जखम भरेपर्यंत दोन-तीन आठवडे मैदान बंद ठेवावे लागेल, हेही बजावले. तो "बरं मामा" म्हणाला आणि पाण्याची बाटली उघडून थोडे पाणी त्या डाव्या हातावर ओतून घेतले.