बाबाचा सायकल डवरा

आज कोठा साफ करता करता बाबाचा सायकल डवरा (पिकातलं तण काढाचं, हातानं ढकलाचं अवजार) सापडला. जुन्या सायकलचं चाक, हँडल, मागं पास (तण कापणारं लोखंडी पातं), वेल्डिंगवाल्याजवळ दिवसभर बसून सोताच बनवून घेतलेला, कारण बैलजोडी किरायानं परवडे नाही अन् ३ एकर पराटी (कापूस), आम्ही चार लेकरं, हा माणूस पहाटी ५ ले वावरात. पास झिजली का ट्रकच्या कमानपाट्याची नवी ठोकून आणे (ते लय टिकते म्हणे). नागभीडकडच्या दादाजी खोब्रागडे या दीड एकरवाल्या माणसानं एचएमटी हे धानाचं वाण शोधलं हे पेपरात वाचलं तवा मले म्हणे, पाय, डिग्री नाही लागत, नजर लागते.

चाकात हवा भरून पायली, फुस्सकन गेली. भंगारात देऊ का म्हटलं तं आई भडकली, जाय म्हणे, पंचर काढून आण आधी.