विमान असताना बोट कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला नव्या पेठेतल्या दुकानात विचारतात, गड्ड्याच्या यात्रेत विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस पहिली पोळी संपायच्या आत विचारतो. "स्टॉकहोमपर्यंत विमानानं जाता, मग पुढं फिनलंडला बहिणीकडं जायला तासाभराचं विमान सोडून रात्रभर त्या जुनाट बोटीत कशाला बसता? तेही चाकाच्या खुर्चीवरच्या माणसानं?" सोलापुरातनं विमान सुटायला लागल्यापासून तर प्रश्नाला आणखी धार आली आहे. "विमानाच्या वाटेत येते म्हणून २०२३ ला साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली की हो आपण, आणि तुम्ही अजून बोटच धरून बसलाय!"

माझा अपघात, पाठीचा कणा, त्यानंतरची वर्षं हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा सांगत नाही. धाकटा भाऊ स्टॉकहोमला आणि बहीण फिनलंडला कशी गेली, तेही नाही.

आधी एक किरकोळ मुद्दा संपवतो. सोलापूरच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असं जे म्हणतात त्यांच्यासाठी. उद्योगपती वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. आणि ते जहाज नवं नव्हतं. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावानं त्यानं पॅसिफिकवर बरीच वर्षं काढली होती, मग ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते युद्धात इस्पितळ-जहाज म्हणून घेतलं, आणि त्यानंतर ते सिंदियाकडं आलं. बांधून तीस वर्षं होत आली होती त्याला.

आता विमानाबद्दल. मुंबई ते स्टॉकहोम मला दुसरा मार्ग नाही, म्हणून जातो. त्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून मी पाणी तोडतो, कारण विमानाच्या संडासात माझी खुर्ची जात नाही. विमानाच्या दाराशी खुर्ची काढून घेतात आणि सामानात टाकतात. मग एका अरुंद खुर्चीला मला पट्ट्यांनी बांधायचं, दोन अनोळखी माणसांनी काखेत हात घालून उचलायचं आणि सीटवर ठेवायचं. ती माणसं वाईट नसतात. पण तिथून उतरेपर्यंत मी माझ्या मनानं एक वीतही हलू शकत नाही. एकदा खुर्ची परत मिळाली तेव्हा तिचं पुढचं चाक वाकलेलं होतं. खुर्ची मोडली म्हणजे माझं काय मोडतं, हे चालणाऱ्या माणसाला समजावणं मला अजून जमलेलं नाही. हे सगळं एकदा सोसल्यावर आणखी एका तासासाठी पुन्हा सोसायचं नाही, एवढं ठरवायचा हक्क मला आहे.

बोटीवर काय होतं ते सांगतो. बंदरात भाऊ गाडी रांगेत लावतो आणि चारी इंडिकेटर चालू ठेवतो. त्या खुणेवरून डेकवरचा माणूस आमची गाडी लिफ्टजवळ घेतो, आणि माझ्या बाजूचं दार पुरतं उघडेल इतकी जागा मोकळी सोडतो. खाली डिझेलचा वास असतो, ओल्या लोखंडावर माणसं ट्रकांना साखळ्या घालत असतात. इंजिनाची थरथर मला पायांत कळत नाही, चाकाच्या कड्यांवर टेकलेल्या तळहातांत कळते. माझी खुर्ची माझ्याच खाली असते. या जुन्या बोटींच्या दारांना उंच उंबरे आहेत, पण त्यावर पत्र्याचे उतार बसवलेले असतात. एवढ्या आधारावर मी केबिनमधून उघड्या डेकवर एकटा जातो. कुणालाही हाक न मारता. स्टॉकहोमच्या बाहेर कितीतरी तास बेटंच बेटं लागतात, काही इतकी जवळ की अंगणात वाळत घातलेले कपडे दिसावेत. मी तिथं बसतो, थंडी वाजली की आत येतो, पाणी प्यावंसं वाटलं की पितो. घरच्या बाहेर असा दिवस मला दुसरीकडं कुठंच मिळालेला नाही.

"पण बुडाली तर?" हा तुमचा पुढचा प्रश्न. तो माझ्या पाठीमागं विचारला जातो हेही मला माहीत आहे.

पूर्वी मी त्याला आकड्यांनी उत्तर द्यायचो. म्हणायचो, बोट जुनी आहे म्हणून बुडत नाही. 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही गाड्या नेणारी बोट मार्च १९८७ मध्ये बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर उलटली, १९३ माणसं गेली, तेव्हा ती अवघी सात वर्षांची होती. नाकावरचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, गाड्या आत घ्यायचं दार उघडं ठेवून निघाली होती. 'एस्टोनिया' २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री याच बाल्टिक समुद्रात बुडाली, ती चौदा वर्षांची. तिच्या नाकावरच्या झडपेचे अडसर लाटांनी तुटले आणि पाणी गाड्यांच्या डेकवर शिरलं. त्या डेकला मधे भिंती नसतात, पाणी एका कडेला धावतं आणि बोट त्याच कडेला कलते. त्यानंतर १९९६ ला स्टॉकहोम करार झाला, गाड्यांच्या डेकवर अर्धा मीटरपर्यंत पाणी आलं तरी बोट तगली पाहिजे अशी अट आली, जुन्या बोटींत बदल करावे लागले. हे सगळं मी धडाधड सांगायचो आणि समोरचा गप्प व्हायचा.

त्या वेळच्या मला आज मी विचारीन, की एस्टोनियावरच्या ९८९ माणसांपैकी जी १३७ वाचली, त्यांच्याबद्दल तू का बोलत नाहीस? बोट कलल्यावर जिने आडवे झाले. वर पोचले ते बहुतेक धडधाकट, तरुण, त्यातही पुरुष जास्त. त्या बोटीवर मी असतो तर माझं काय झालं असतं, यात शंका नाही. तुम्ही बोटीबद्दल विचारतच नव्हता, माझ्याबद्दल विचारत होता. आणि मी झडपेच्या अडसरांबद्दल सांगत होतो.

बोटीवरच्या एका रात्रीचं आता सांगतो. आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही तिघं होतो. मी, भाऊ आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी. मध्यरात्री ऑलंड बेटावरचा थांबा होऊन गेला होता. या बोटी तिथं थांबतात कारण ते बेट युरोपीय कररचनेच्या बाहेर आहे, त्याच्या जोरावर बोटीवरचं दुकान बिनकराची दारू विकू शकतं. आम्ही झोपलो होतो. आधी कर्मचाऱ्यांसाठी काहीतरी घोषणा झाली, आणि मग भोंगा झाला. सात आखूड आणि एक लांब. केबिनच्या भिंतीवर लावलेल्या कागदात तो लिहिलेला असतो, मी तो नेहमी वाचतो, त्यामुळं अर्थ लगेच कळला. भावानं मला खुर्चीत घातलं, पोरीला लाइफजॅकेट घातलं, आम्ही बाहेर आलो. लिफ्ट बंद होती. आग लागली की लिफ्ट बंदच करतात, नव्या बोटीतही. जळक्या रबराचा वास येत होता.

जिन्याच्या पायथ्याशी मी, आणि माझ्या शेजारून माणसं वर जात होती. कुणी ढकललं नाही, कुणी ओरडलं नाही. फक्त प्रत्येकजण आधी खुर्चीकडं बघायचा आणि मग नजर काढून घ्यायचा. मला 'स्कँडिनेव्हियन स्टार' ही बोट आठवत होती. एप्रिल १९९० ची आग, १५९ माणसं, त्यातली कितीतरी केबिनमध्ये आणि बोळांत धुरानं गुदमरलेली. मी भावाला म्हणालो, "संजू, पोरीला घेऊन वर जा." तो म्हणाला, "दादा, गप बस." मी पुन्हा म्हणालो. मग आईची शपथ घातली. तो मटकन जिन्याच्या पायरीवर बसला आणि रेलिंग धरून म्हणाला, "जात नाही. काय करायचं ते कर." पोरगी एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. ती रडत नव्हती. तिचा बाप रडत होता.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग वरून एक बाई आणि एक तरुण मुलगा आला, बोटीचे कर्मचारी, हातात घडीची खुर्ची. बाईनं मला बघायच्या आधीच आमच्या केबिनचा नंबर मोठ्यानं उच्चारला. तो तिच्या कागदावर होता. युरोपात १९९८ पासून नियम आहे की वीस सागरी मैलांपेक्षा लांबच्या फेरीत प्रवाशांची नोंद ठेवायची, आणि संकटात मदत लागेल असं ज्यांनी कळवलंय तेही त्यात लिहायचं. तिकीट काढताना मी तो रकाना भरला होता. त्यांनी मला त्या खुर्चीवर बांधलं आणि वर उचलून नेलं. इथंही बांधलं, इथंही उचललं, पण मला राग आला नाही. माझी खुर्ची खालीच राहिली.

एका वातानुकूलित ट्रकची वायर जळाली होती. वर पोचेपर्यंत आग विझल्याची घोषणा झाली. पहाटेपर्यंत मी भिंतीला टेकून जमिनीवर बसून होतो.

भाऊ बोलला तो गाडी बंदराबाहेर आल्यावर. "दादा, तू मला पोरीसमोर तुला सोडून जायला सांगितलंस." पुढं म्हणाला, "मला असं ठरवायला लागेल अशा जागी तू मला का नेतोस?" त्यानंतर तो माझ्याबरोबर बोटीनं आलेला नाही. बहिणीनं एक-दोनदा मध्यस्थी करून बघितली, तिलाही त्यानं हेच सांगितलं.

मला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपैकी भावाचा हा एकच मला खरा वाटतो, आणि त्याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. मी त्याला म्हणालो, अशी जागा कुठली नाही? विजापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. दिवसा मदतीला मुलगा येतो, रात्री कुणी नसतं. तिथल्या लिफ्टला वीज गेली की मी अडकतो, आणि माझा नंबर कुणाच्याच कागदावर नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. ती काही बोटीवर नव्हती. भाऊ म्हणाला, "तिथं मी नसतो." त्याचं बरोबर आहे. घरी काही झालं तर त्याला फोन येईल, ठरवावं लागणार नाही. पण मी कुठं मरावं हे त्याच्या सोयीनं ठरवावं का, असं मी त्याला विचारलं आणि आम्ही दोघंही फोनवर बराच वेळ बोललो नाही.

त्याची तडजोड अशी आहे, की जायचंच तर नव्या बोटीनं जा, आणि एखादा परका मदतनीस बरोबर घे, घरचं कुणी नको. नवी बोट मला चालेल, पण लिफ्ट तिथंही बंद होणार. आणि मदतनीस घेतला तर त्याच्याही घरी कुणीतरी असेलच, जिन्याच्या पायथ्याशी त्यालाही तेच ठरवावं लागेल. हे मी भावाला सांगितलं. त्याला पटलं नाही. जूनमधलं तिकीट मी काढलं आहे, एकट्याचं, मदतीचा रकाना भरून. त्याला अजून सांगितलेलं नाही. हे वाचल्यावर कळेल.